एफिसस: समुद्र दूर गेलेले बंदर

एफिसस ही रोमन साम्राज्यातल्या आशिया प्रांताची राजधानी. आज ही जागा तुर्कस्तानच्या पश्चिम भागात येते. प्रांतावर नेमलेल्या नव्या अधिकाऱ्याने समुद्रमार्गेच यावे आणि पहिले पाऊल एफिससच्या धक्क्यावर ठेवावे, असा रोमन कायद्याचा दंडक होता. आता त्या धक्क्याच्या जागी दलदल आणि बोरूचे रान आहे. समुद्र तिथून कित्येक किलोमीटर पश्चिमेला सरकला आहे. म्हणून एफिसस पाहायला येणाऱ्यांची क्रूझ जहाजे नैर्ऋत्येच्या कुशादासी बंदरात लागतात आणि पुढचे सुमारे वीस किलोमीटर जमिनीवरून कापावे लागतात.

हे घडवले कायस्त्रोस नदीने. तिने आणलेला गाळ खाडीत साचत राहिला आणि शहराला त्याच्याशी सतत झगडावे लागले. अलेक्झांडरचा सेनापती लायसिमाकस याने इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शहर दोन टेकड्यांमधल्या आजच्या जागी हलवले. लोक जुनी घरे सोडायला तयार नव्हते. तेव्हा मुसळधार पाऊस लागताच त्याने गटारे तुंबवली आणि जुन्या वस्तीत पाणी भरू दिले, असे भूगोलकार स्ट्राबो सांगतो. पुढे पर्गामॉनचा राजा दुसरा अॅटलस याने बंदराचे तोंड बांध घालून अरुंद करवले. तोंड अरुंद झाले की पाणी खोल राहील, असा स्थापत्यकारांचा हिशेब होता. प्रत्यक्षात भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाणारा गाळ आतच अडकला आणि बंदर आणखी उथळ झाले. नीरोच्या काळात बारिया सोरानस या प्रांताधिकाऱ्याने बंदर मोकळे केले, नंतर सम्राट हेड्रियननेही ते जहाजांसाठी खुले करून घेतले. दगड कापणाऱ्यांनी चुरा बंदरात टाकू नये, असा दुसऱ्या शतकातला एक जाहीरनामाही शिलालेखात टिकून आहे. बंदर वाचवण्याची तळमळ किती खालच्या पातळीपर्यंत पोचली होती, ते या एका हुकमावरून कळते.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने जवळच्या आयासुलुक टेकडीवर संत जॉनचे भव्य चर्च उभारले आणि वस्ती हळूहळू तिकडे सरकली. टेकडीच्या पायथ्याची इसा बे मशीद १३७५ची आहे. व्यापार मात्र किनारा धरूनच राहिला. कुशादासीच्या धक्क्यासमोर ऑटोमन वजीर ओक्यूझ मेहमेद पाशाने १६१८ साली बांधलेली तटबंदीची सराई आजही उभी आहे. जहाजातून उतरणाऱ्याला दिसणारी पहिली जुनी वास्तू बहुधा हीच असते.

एफिससला पुन्हा जगासमोर आणण्यात रेल्वेचा मोठा वाटा आहे. इंग्रज कंपनीने स्मिर्ना, म्हणजे आजचे इझ्मिर, ते आयदिन असा लोहमार्ग टाकला. तो आयासुलुकवरून जात होता. त्याच मार्गाच्या स्थानकांचे आराखडे करणारा जॉन टर्टल वुड १८६३पासून आर्टेमिस देवीच्या मंदिराचा शोध घेऊ लागला. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेले हे मंदिर नेमके कुठे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नाट्यगृहात सापडलेल्या एका शिलालेखात देवीच्या मिरवणुकीचा मार्ग दिला होता. त्या मार्गाचा माग काढत १८६९च्या अखेरच्या दिवशी वुड सुमारे सहा मीटर गाळाखालच्या मंदिराच्या फरसबंदीपर्यंत पोचला. बंदर बुजवणाऱ्या गाळानेच मंदिरही झाकले होते. या शोधाच्या दोन वर्षे आधी, १८६७ साली, ‘क्वेकर सिटी’ जहाजातले अमेरिकन सहलकरी स्मिर्नाहून खास गाडीने आयासुलुकला आले आणि गाढवांवर बसून अवशेषांत फिरले. त्यांच्यात मार्क ट्वेनही होता. जहाजाच्या मुक्कामात एफिसस पाहून येण्याची रीत अशी बरीच जुनी आहे.

आज गाढवांची जागा डोल्मुशने घेतली आहे. ही मिनीबस ठरलेल्या मार्गावर धावते, वाटेत हात केला की थांबते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापसारखी सांगितल्या जागी उतरवते. कुशादासीहून सेल्चुकला (आयासुलुकचे आजचे नाव) जाणाऱ्या डोल्मुशच्या चालकाला सांगितले, तर तो एफिससच्या फाट्यावर सोडतो. तिथून थोडे चालले की खालचे प्रवेशद्वार लागते. जहाज कंपन्यांच्या सहलींच्या बस सहसा वरच्या दारापाशी थांबतात, म्हणजे प्रवाशांना उतारावरून चालणे सोपे जाते. पण खालच्या दाराने येणाऱ्याला शहर बंदराच्या बाजूने भेटते, प्राचीन दर्यावर्दींना भेटत असे तसे, आणि हाच क्रम अधिक अर्थपूर्ण आहे. आधी बंदराकडून येणारा सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा आर्केडियन रस्ता दिसतो. रात्री दिवे लागणाऱ्या प्राचीन रस्त्यांच्या मोजक्या उदाहरणांत त्याची गणना होते. त्याच्या टोकाशी डोंगरउतारात कोरलेले प्रचंड नाट्यगृह आहे. पुढे संगमरवरी रस्त्याने, आशिया प्रांताचा अधिकारी राहिलेल्या सेल्ससच्या ग्रंथालयाशी पोचता येते. ही वास्तू सेल्ससच्या मुलाने वडिलांचे स्मारक म्हणून बांधली. सेल्ससची शवपेटी तिच्याच खाली आहे. ग्रंथालयाचा कोसळलेला दर्शनी भाग १९७० ते १९७८ या काळात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी मूळचेच दगड जुळवून पुन्हा उभा केला. त्यापुढची चढण प्रशासकीय चौकापर्यंत जाते.

आर्टेमिसच्या मंदिराची जागा सेल्चुकच्या वाटेवर आहे. तिथे सुटे तुकडे रचून उभारलेला एकच खांब आहे. सेल्चुकच्या बस स्थानकावरून कुशादासीला परतण्यासाठी डोल्मुश मिळते. जहाजाची स्वतःची सहल लांबली तर जहाज सहसा थांबते, पण स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही. त्यामुळे परतीला हाताशी भरपूर वेळ ठेवावा लागतो. जहाज इझ्मिरला लागले असेल, तर तिथल्या बासमाने स्थानकावरून सेल्चुकला रेल्वेने जाता येते.