वर्गातील लहान अधिकारी

शाळा हे मुलाचे पहिले नगर होय. घरी मूल आपल्या माणसांत वावरते. वर्गात मात्र ते प्रथमच परक्यांच्या मुलांशेजारी एका बाकावर बसते आणि सर्वांना सारख्याच असलेल्या नियमाने बांधले जाते. तेथे त्याला जे वळण लागेल, तेच पुढे गावात, पंचायतीत व देशाच्या कारभारात दिसून येणार. यास्तव मुलांस नागरिकत्वाचे शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नसून आपणां सर्वांचा आहे. महोत्सवाच्या या प्रसंगी वाचकांपुढे एक जुना इतिहास ठेवावा, असे आम्हांस वाटते. तो आहे संत जाँ-बाप्तिस्त द ला साल यांच्या शाळांचा.

या सत्पुरुषाचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रँस शहरी एका सधन व प्रतिष्ठित कुळात झाला. १६६७ साली त्यांना तेथील महामंदिरात कॅननचे मानाचे पद मिळाले. परंतु गरिबांच्या शाळांतील शिक्षकांची दैना पाहून त्यांनी १६८१ साली त्या शिक्षकांस आपल्या घरीच राहावयास आणले. नातलगांस हे मुळीच रुचले नाही. पुढे १६८३ साली त्यांनी आपले पद सोडले, आणि त्यानंतर आलेल्या दुष्काळात आपली संपत्ती भुकेल्यांस वाटून टाकली. त्यांच्या शिक्षकांचा जो संघ झाला, तोच ‘ख्रिस्ती शाळांचे बंधू’ या नावाने प्रसिद्धीस आला. या बंधूंनी विद्यार्थ्यांकडून फी घेतली नाही. मुलांस एकेकटे न शिकविता वर्गवार एकत्र शिकविले. आणि वाचनाचा आरंभ लॅटिनमधून न करता मुलांच्या बोलीतून, म्हणजे फ्रेंच भाषेतून केला. आज हे सर्व साधे वाटते. परंतु त्या काळी फी घेऊन शिकविणाऱ्या पॅरिसच्या लेखनशिक्षकांनी त्यांच्यावर दावे लावले होते.

या शाळा कशा चालवाव्यात, याचा एक नियमग्रंथ संतांनी व त्यांच्या अनुभवी बंधूंनी मिळून सिद्ध केला. त्याचे १७०६ सालचे हस्तलिखित उपलब्ध असून संतांच्या मृत्यूनंतर, १७२० साली, तो आव्हिन्याँ येथे छापला गेला. त्यातील एक प्रकरण आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. शाळेतील अनेक कामे शिक्षकाने स्वतः न करता विद्यार्थ्यांवर सोपवावीत, आणि ती करणाऱ्या मुलांस ‘अधिकारी’ म्हणावे, असे त्यात सांगितले आहे. एकाने प्रार्थना सांगावी, दुसऱ्याने घंटा वाजवावी, तिसऱ्याने शाळेची किल्ली सांभाळावी, चौथ्याने कागद वाटावेत व गोळा करावेत, आणखी एकाने वर्ग झाडावा. न्याहारीच्या वेळी मुलांनी स्वखुशीने दिलेली भाकरी गरीब सोबत्यांसाठी गोळा करणे, हेही एक नेमलेले काम होते.

यांतील दोन अधिकार आम्हांस विशेष मननीय वाटतात. पहिला गैरहजर मुलांच्या समाचाराचा. काही मुलांस शहरातील वेगवेगळे भाग नेमून दिलेले असत. आपल्या भागातील जो सोबती वर्गात आला नसेल, त्याच्या घरी जाऊन त्यांनी विचारपूस करावी, तो आजारी असल्यास त्याला धीर द्यावा, आणि शिक्षकांस खरे ते कळवावे. आपल्यापैकी एक जण आज आला नाही, ही गोष्ट सर्वांनी लक्षात घेण्याजोगी आहे, हे शिकणे म्हणजेच नागरिकत्वाचा आरंभ होय.

दुसरा अधिकार निरीक्षकाचा. शिक्षक येण्यापूर्वी वर्गात काय घडते, हे त्याने पाहावे. परंतु कोणास धमकावू नये व स्वतः गडबड करू नये. हा निरीक्षक पक्षपात करतो काय, अगर चुगली न करण्याबद्दल कोणाकडून काही उकळतो काय, हे पाहण्यासाठी आणखी दोन मुले गुप्तपणे नेमलेली असत. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याच्यावरही कोणाची तरी दृष्टी हवी, हे तत्त्व त्या चिमुकल्या वर्गात असे अंमलात आले होते. अर्थात सोबत्यांवर पाळत ठेवण्याने मैत्रीस बाध येतो, ही शंका रास्त आहे, आणि आजच्या शिक्षकाने तिचा विचार करावाच.

या व्यवस्थेच्या इतर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्या शाळा केवळ मुलग्यांच्या होत्या. शिक्षेला मर्यादा घातलेल्या असल्या, तरी छडीला तेथे स्थान होते. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. शिवाय ती मुले राजा चौदाव्या लुईची प्रजा होती, नागरिक नव्हेत.

येथेच इतिहासाचा एक विलक्षण प्रसंग नमूद करावासा वाटतो. १७६३ साली ला शालोते नामक ब्रिटनीच्या एका सरकारी वकिलाने राष्ट्रीय शिक्षणावर निबंध लिहिला. राष्ट्राने आपली मुले स्वतः शिकवावीत, असा पुरस्कार करणारा हाच गृहस्थ या बंधूंवर मात्र रुष्ट होता. कारण ज्यांनी रंधा व कानस हाती धरावयाची, त्यांस हे लिहावाचावयास शिकवितात, अशी त्याची तक्रार होती! पुढे राज्यक्रांतीने ‘नागरिक’ हा शब्द सर्वांच्या मुखी आणला. पण १७९२ साली तिनेच हा संघ बंद केला, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबर रोजी बंधू सॉलोमन यांस पॅरिसमध्ये ठार करण्यात आले. २०१६ साली ते संतपदास पोहोचले. संस्थापकांस परमाचार्य तेरावे लिओ यांनी १९०० साली संत म्हणून घोषित केले, आणि १९५० साली परमाचार्य बारावे पायस यांनी त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

श्रमकऱ्याच्या मुलाला अक्षरओळख कशाला, हा आक्षेप आपल्या भूमीलाही अनोळखी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली, ती अशाच वृत्तीशी झगडून.

आता वर्ग झाडणाऱ्या मुलाकडे पुन्हा वळू. त्या नियमग्रंथात त्याचे नाव प्रार्थना सांगणाऱ्याच्याच यादीत आहे. आपल्या देशात झाडू शतकानुशतके जन्माला बांधला गेला. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; तथापि जी मुले वर्ग झाडणे ही शिक्षा समजतात, किंवा ते अमक्याच मुलाचे काम मानतात, त्यांच्या मनातून ती कलमाने कशी जावी? ते काम शिक्षकांनीच करावयाचे आहे, आणि ते सोपे आहे. झाडण्याची पाळी सर्वांस यावी; वर्गप्रमुखासही यावी, श्रीमंताच्या मुलासही यावी, आणि मुलींइतकीच मुलग्यांसही यावी. घंटा, किल्ली व प्रार्थना यांचा मानही तसाच फिरता असावा.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की संध्याकाळी मूल घरी आले म्हणजे त्यास किती गुण मिळाले, हे अवश्य विचारावे. परंतु आज वर्गात कोण आले नव्हते, आणि त्याची चौकशी कोणी केली, हेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलास देता येईल, त्याच्या हाती उद्याचे गाव निर्धास्तपणे सोपविता येईल.