वैनगंगेकाठची पवनी



व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला, की वक्ता आपल्याला रायगडावर नेतो, नाही तर देवगिरीवर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे आपल्या झाडीपट्टीतल्या माणसाची अशी समजूत होऊन बसली आहे, की इतिहास तिकडे घडला आणि आपल्या वाट्याला धान, मिरची आणि तेंदूपत्ता एवढेच आले. ही समजूत किती पोकळ आहे हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने केशोरीहून सायकल काढावी आणि पवनीला जाऊन यावे.

मोटारीने गेलात तरी पवनी दिसते. पण समजत नाही. आमच्या संघटनेच्या कामात मी या मुलखातली बरीच गावे सायकलवरून पालथी घातली आहेत आणि माझा अनुभव असा, की जमिनीचा चढउतार पायाला कळतो, डोळ्याला मागाहून. दिवाळीनंतर, धानाच्या बांध्या रिकाम्या होऊ लागल्या म्हणजे निघावे. अर्जुनी मोरगाव, लाखांदूर असे मुक्काम सोयीने करीत जावे. वाटेत बोड्या आणि तलाव लागतात, कौलारू घरे लागतात. वैनगंगेचे रुंद पात्र ओलांडले, की पवनी जवळ आली. शहराशी पोचताच एक मातीचा प्रचंड बांध आडवा येतो. हा शेताचा बांध नव्हे. तो प्राचीन नगराचा तट आहे. तीन बाजूंना तट आणि त्याबाहेर खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी या नगराची रचना होती. तटाला नंतर दगडी दरवाजा झाला. त्याला आज लोक जवाहर गेट म्हणतात. सायकल तेथे उभी करून तटावरून पायी फिरावे. एवढी माती यंत्राने नव्हे, टोपलीने आणि डोक्यावरून आलेली आहे, हे फिरता फिरता आपोआप ध्यानात येते.

आता या मातीखाली काय होते ते सांगतो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख होते. जगन्नाथ टेकडी म्हणून जी टेकडी लोक पिढ्यान्‌पिढ्या पाहात आले होते, तिच्या पोटात विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास अडतीस मीटरांच्या आसपास भरतो. सांचीचा मोठा स्तूप जगप्रसिद्ध आहे. त्याचा व्यास साडेछत्तीस मीटरांच्या घरात आहे. म्हणजे ज्या काळी आपल्याकडे नुसते रान होते असे आपण धरून चालतो, त्या काळी, ख्रिस्तपूर्व शतकांत, सांचीच्या तोडीचे बांधकाम वैनगंगेकाठी उभे होते. त्याभोवती दगडी कठडा होता, खांबांवर शिल्पे होती. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प त्यांतच मिळाले.

पवनीने राजेही पाहिले. भार वंशातल्या भगदत्त राजाचा शिलालेख येथे मिळाला. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याच्या नावाचा स्मृतिस्तंभ मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी हे लेख वाचले, म्हणून आपल्याला ही नावे ठाऊक झाली. परंतु माझे मन राजांच्या लेखांपेक्षा स्तूपाच्या कठड्यावरच्या लेखांत अधिक गुंतते. ते लेख अगदी लहान आहेत. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. कोणी खांब दिला, कोणी शिळा दिली, त्याची नोंद. एक नाव आहे नागाचे. पाचही निकाय जाणणारा, असे त्याचे वर्णन आहे. एक नाव आहे विसमिता या स्त्रीचे, आणि तिच्या दानासोबत सर्व प्राण्यांना सुख लाभो अशी इच्छा कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी एका बाईने स्वतःच्या नावाने दान द्यावे आणि ते नाव दगडावर यावे, ही गोष्ट मला एखाद्या लढाईपेक्षा लहान वाटत नाही.

मात्र कामगार चळवळीतल्या माणसाला येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. दान देणाराचे नाव दगडावर आले. विटा भाजणाराचे आणि वाहणाराचे कोठे आहे? ते नाही. म्हणून दान खोटे ठरत नाही. पण हिशेब अपुरा राहतो. तो पुरा करण्याची एक तऱ्हा मी परदेशाच्या इतिहासात वाचली, ती आपल्यापुढे ठेवतो.

इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम नावाचे शहर आहे. पवनीला तीन बाजूंनी खंदक आणि एका बाजूने नदी. डरहॅमला वेअर नदीच तीन बाजूंनी वळसा घालते. मधल्या उंचवट्यावर एक भव्य कॅथीड्रल आहे; त्याचे काम १०९३ साली सुरू झाले. आसपास कोळशाच्या खाणी होत्या. तिथल्या खाणकामगारांनी १८७१ पासून आपला वार्षिक मेळावा सुरू केला. गावोगावचे कामगार बँड आणि संघटनेची निशाणे घेऊन पायी शहरात येत. चर्चचे आणि कामगारांचे नेहमी गोड होते असे नाही. १९२५ साली कामगारांनी डीन वेल्डन यांना बिशप हेन्सन समजून नदीत टाकण्याचा प्रयत्न केला. कारण बिशपांनी कामगारांच्या मागण्यांवर टीका केली होती. तरीसुद्धा कामगारांनी कॅथीड्रल सोडून दिले नाही. मेळाव्याच्या दिवशी ते निशाणे घेऊन आत प्रार्थनेला जातात. ज्या खाणीत त्या वर्षी माणूस दगावला असेल, तिच्या निशाणावर काळे कापड बांधण्याची रीत होती. त्या भागातली शेवटची खोल खाण १९९३ साली बंद पडली. मेळावा चालूच राहिला. खाण गेली, पण कॅथीड्रलवरचा हक्क गेला नाही.

आपल्याकडे असा हक्क सांगण्याची वाट अधिक बिकट होती. ज्याला देवळाच्या पायरीशी थांबवले, तो टेकडीखालचा इतिहास आपला कसा म्हणणार? १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आणि त्यानंतर तेरा वर्षांनी पवनीच्या टेकडीतून स्तूप निघाला. हा योगायोग आहे, हे मी जाणतो. परंतु आमच्या भागातल्या विडी वळणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या कित्येक घरांना त्या उत्खननाने असे सांगितले, की तुमचा धर्म काल उसना आणलेला नाही. तो याच नदीकाठी होता. पुढे १९७२ साली आपल्या गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, तेव्हा केशोरीच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर बुद्धाचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले.

पवनीत केवळ स्तूप नाही. नदीला घाट आहेत, देवळे आहेत, पंचमुखी गणपती आहे. रेशीमकाठी कापडाबद्दल हे गाव जुन्या काळी नावाजलेले होते. गिरणीचे कापड आले आणि मागांचा आवाज मंदावला. त्या विणकरांची नावेही कोणत्या दगडावर नाहीत. राजा, भिक्षू, दान देणारी बाई, कोष्टी, भाविक असे सारे एकाच तटाच्या आत राहून गेले, हे पवनीत पायी फिरताना जितके स्पष्ट होते तितके पुस्तकातून होत नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती साधी आहे. शाळेच्या मास्तरांनी मोठ्या मुलांना सायकलवर पवनीला न्यावे. तट पावलांनी मोजावयास लावावा. ब्राह्मीची दहाबारा अक्षरे आधी शिकवावी. ती कठीण नाहीत, मी स्वतः वाचनालयात बसून शिकलो. आणि टेकडीची एकही जुनी वीट घराच्या ओट्यासाठी कोणी उचलू नये, हे त्यांना तेथेच सांगावे. विसमितेचे नाव दगडावर होते म्हणून टिकले. वीट वाहणाराच्या नावाला दगड मिळाला नाही. त्याने रचलेली वीट हीच त्याची सही आहे, आणि ती जागेवर राहील तोवरच ती वाचता येईल.