कामाच्या ठिकाणचे तंटे आणि मध्यस्थाची खुर्ची

सकाळी बोरीवलीहून चर्चगेटकडे निघणाऱ्या लोकलमध्ये साहेबांविषयीच्या आणि सहकाऱ्यांविषयीच्या तक्रारी जितक्या मोकळेपणाने ऐकू येतात, तितक्या त्या कचेरीत क्वचितच बोलल्या जातात. मनात दडपलेली तक्रार मग एखाद्या दिवशी राजीनामा, बदलीचा अर्ज किंवा वकिलाची नोटीस या रूपाने बाहेर पडते. मुकाट सोसणे आणि न्यायालयात जाणे यांच्या दरम्यानचा मार्ग म्हणजे मध्यस्थी.

लवाद आणि मध्यस्थ यांत आपल्याकडे नेहमी गल्लत होते. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो. मध्यस्थाला तो अधिकार नसतो. तोडगा तंटेकऱ्यांनीच काढायचा असतो. समजा, लेखा विभागातील दोघांचे बिनसले आहे. एकाच्या मते दुसरा महिनाअखेरीचे हिशेब मुद्दाम उशिरा देतो; दुसऱ्याच्या मते रजा नेमकी त्याचीच नाकारली जाते. मध्यस्थ आधी प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटतो आणि तेथे सांगितलेली गोष्ट परवानगीवाचून दुसऱ्याच्या कानी घालत नाही. त्यानंतर दोघांना समोरासमोर बसवून ‘कोण चुकले’ हा प्रश्न बाजूला ठेवतो आणि ‘पुढच्या महिन्यात काय बदलले पाहिजे’ हे विचारतो. हिशेब कोणत्या तारखेला द्यायचे, रजेची पाळी कशी ठरवायची, हे कागदावर उतरले की दोघांच्या सह्या होतात. हा कागद सेवापुस्तकात जाता कामा नये. अन्यथा पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

मुंबईला हा विषय नवा नाही. १९२८ मधील गिरणी कामगारांचा संप सुमारे सहा महिने चालला. १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि त्याच वर्षी मुंबई प्रांताने समेटाचा कायदा केला. पुढे १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकाने समेटाची बोलणी सक्तीची केली. ती पूर्ण होण्याआधी संप करणे बेकायदा ठरणार होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात या विधेयकास कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. आक्षेपाचा रोख संपाला गुन्हा ठरविण्यावर होता. ज्याच्या हातातले एकमेव साधन आधीच काढून घेतले आहे, त्याला बोलणीस बसविणे ही मध्यस्थी कसली, हा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

दुसरा धडा १९८२ चा. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार ज्यांचे ऐकत होते, त्यांना कायद्याच्या लेखी बोलणीस बसण्याचा अधिकारच नव्हता. ज्यांना तो होता, त्यांचे कामगार ऐकत नव्हते. अशा स्थितीत निष्णात मध्यस्थ तरी काय करणार? तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही.

आज २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधित्व असलेली तक्रार निवारण समिती असावी, असे ती सांगते. समितीने तीस दिवसांत काम पुरे करावयाचे असते. समाधान न झाल्यास साठ दिवसांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. समेट सुरू असताना संपास मनाई मात्र याही संहितेत आहे. शिवाय व्यवस्थापकीय पदावरील माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. बोरीवलीच्या फलाटावरील कित्येक ‘मॅनेजर’ मंडळींना त्यामुळे कंपनीअंतर्गत मध्यस्थीवरच विसंबावे लागते.

तेथे मनुष्यबळ विभागाचा अधिकारी मध्यस्थ म्हणून पुढे येतो. तो कितीही सज्जन असला, तरी त्याचा पगार एकाच बाजूकडून येतो. साहेबाविरुद्ध तक्रार असेल तर दोघांनाही मान्य असा, दुसऱ्या विभागातील किंवा बाहेरचा मनुष्य मागणे अधिक बरे. लैंगिक छळाच्या तक्रारीत तर विशेष सावधगिरी हवी. २०१३ च्या कायद्यानुसार चौकशीपूर्वी समेट होऊ शकतो, पण केवळ पीडित महिलेने तशी विनंती केली तरच. आणि पैशांची देवाणघेवाण हा त्याचा आधार असू शकत नाही. ‘मिटवून टाका’ असे वरिष्ठांनी सुचविणे या तरतुदीत बसत नाही.

बोलणी फिसकटली तरी दार बंद होत नाही. बडतर्फ झालेला कामगार समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून पंचेचाळीस दिवसांनंतर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो; त्यासाठी बडतर्फीपासून दोन वर्षांची मुदत आहे.