अजिंठ्याचा गिलावा व कीटक
अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ऱ्हासाचा दोष बहुधा वटवाघळे, प्रेक्षक आणि निजामी राजवटीत १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांनी चढविलेला, पुढे पिवळा पडलेला लाखेचा लेप यांस दिला जातो. वस्तुतः बीज मूळ गिलाव्यातच होते. माती बळकट व्हावी म्हणून कारागिरांनी तीत भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू मिसळले. तेच कीटकांचे भक्ष्य झाले. वेरूळच्या गिलाव्यात मात्र भांगेच्या झाडाचे अंश आढळल्याचे राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. तेथील गिलावा कीटकांपासून बचावल्याचे श्रेय ते भांगेस देतात. तर्क मोठा आकर्षक खरा. परंतु अजिंठा वाघूर नदीच्या नालाकृती दरीत आणि वेरूळ उघड्या डोंगरउतारावर, ही भिन्नता वगळून केवळ भांगेस श्रेय देणे घाईचे वाटते.