बंदुकीचा धक्का कोणी सोसायचा?

शिकारीच्या गोष्टींत वाघाचे वर्णन असते, नेमाचे कौतुक असते. बंदुकीच्या दस्त्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. गोळी पुढे सुटली की बंदूक मागे रेटली जातेच. तो रेटा झेलायचा कोणी आणि कसा, हा दस्त्याचा प्रश्न आहे. त्याचा इतिहास आम्ही आज थोडक्यात मांडतो.

मोठ्या बंदुकीचा सारा धक्का आपल्या खांद्यावर घेण्याच्या भरीस आपले पूर्वज फारसे पडले नाहीत. जेजाल तटाच्या आधाराने उडे, जंबुरा उंटाच्या खोगिरावर बसवलेला असे. धक्का तट सोशी, नाही तर उंट! एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शिकाऱ्यांनी मात्र तो अंगावर घेतला. सॅम्युएल बेकर यांच्या ‘बेबी’ नावाच्या बंदुकीतून अर्ध्या रत्तलाचा गोळा सुटे आणि तिच्या धक्क्याने उडवणारा स्वतःच गरकन फिरे.

पुढे १८९८ मध्ये नव्या बिनधुराच्या दारूची .४५० ची रायफल आली. परंतु त्याच मापाची काडतुसे लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची. ती बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात या मापावर बंदी घातली. म्हणून कारागिरांनी .४७० आणि .४६५ अशी मापे काढली. .४७० ची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची. वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. हा रेटा आवरण्यासाठी रायफल दहा-अकरा रत्तल वजनाची करीत.

दस्ता अक्रोडाचा. हे लाकूड चिवट, घडवायला सोपे आणि देखणे. पण मुंबईचा पावसाळा आपणांस ठाऊक आहे. गिरगावातल्या चाळीत आषाढात कपाटाचे दार फुगून बसते. लाकडी दस्त्याचेही तेच होते. तो फुगला की नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो; वाळताना आकसला की पोलाद आणि लाकूड यांत फट पडते. मग प्रत्येक बाराला पोलाद लाकडावर आदळते आणि अखेर मुठीपाशी चीर जाते. जवसाचे तेल चोळणे हा उपाय होता, पण तो अपुराच.

लालबाग-परळच्या गिरण्यांत राबलेल्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. मागावरच्या धोट्याला ठोसा देणारा पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असे. पुढे त्याची जागा कृत्रिम द्रव्याने घेतली. बंदुकीतही तसेच घडले. १९५९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने नायलॉनच्या दस्त्याची लहान मापाची रायफल काढली. त्यानंतर काचतंतू आणि राळ यांचे दस्ते मोठ्या रायफलींना बसू लागले.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. कृत्रिम दस्ता पाण्याने फुगत नाही, हे खरे. म्हणून तो धक्का कमी करतो, असे मात्र नाही. काडतूस तेच ठेवून रायफल दहा रत्तलांवरून आठावर आणली, तर खांद्यावर येणारी ऊर्जा सव्वापट होते. साच्यात ओतलेला पोकळ दस्ता हलका असतो आणि वाकतोही. हाताने थर चढवून, आतून भरीव केलेला दस्ता ताठ राहतो. जड मापाला हा दुसराच योग्य. शिवाय पोलाद जेथे टेकते ती जागा पक्की बसवलेली हवी, पाठीशी रबराची गादी हवी आणि लांबी उडवणाऱ्याच्या हाताच्या मापाची हवी.

आपल्या देशात मात्र ही निवड शिकाऱ्याने करण्याचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरले. ते एका परीने बरेच झाले. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे त्यांत आपले होते. पुढे संस्थेच्या कार्यात शिकारी आणि अभ्यासक एकत्र वावरले. १९०८ मध्ये खेतवाडीतला एक मुलगा पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे गेला. ती त्याने छर्‍याच्या हवाई बंदुकीने मारली होती. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्या बंदुकीला सांगण्याजोगा धक्का नव्हता. पण तिने त्या मुलाचे आयुष्य पक्ष्यांकडे वळवले, आणि ते वळण साऱ्या देशाच्या उपयोगी पडले.