कळलावीचा वेल

स्मरणिकेसाठी काही जुने लिहा, असा भगिनींचा आग्रह पडला, तेव्हा मला आठवला तो आमच्या माकुणसारच्या वाडीच्या कुंपणावर पावसाळ्यात चढणारा कळलावीचा वेल.

श्रावण-भाद्रपदात तो फुलतो. पाकळ्या सहा, बुडाशी पिवळ्या नि वर तांबड्या, ज्वाळेसारख्या उलट्या वळलेल्या. म्हणून संस्कृतात ती अग्निशिखा. कंद नांगरासारखा, म्हणून लांगली. कोकणात पुष्कळ घरी हीच फुले ‘गौरीचे हात’ म्हणून गौरीला वाहतात. एरवी मात्र ती घरात आणली तर भांडणे लागतात, असे थोरल्या बायका सांगत. पण कळ जशी भांडणाची, तशी बाळंतपणाचीही!

माझ्या आजेसासूबाई सुईणपण करीत. बाई अडली की कंद उगाळून बेंबीवर नि तळपायांना लेप लावीत, आणि मूल सुटताच तो धुऊन काढीत. कंद पोटात कधीही देऊ नये, असे त्या बजावीत. आयुर्वेदानेही हिला उपविषांत गणले आहे.

डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याच्या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथात (१६७८ ते १६९३, १२ खंड) हा वेल आहे. १७५३ मध्ये लिनीअसने त्याला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे नाव दिले. १८२० साली फ्रान्समध्ये दुसऱ्याच एका वनस्पतीतून निघालेले कोल्चिसीन हे द्रव्य कळलावीतही आहे. वातरक्तावर डॉक्टर ते अगदी अल्प मात्रेत देतात. त्यासाठी तामिळनाडूत शेतकरी बियांकरिता हा वेल लावतात. मात्रा वाढली तर तेच द्रव्य शरीरातील पेशींची वाढ थांबवते, आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही.

माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी मी दोन दिवस अडले. सासूबाई कंद उगाळायला बसल्या. आजेसासूबाईंनी सहाण दूर सारली. म्हणाल्या, “हे आता माझ्या हातचे नाही. गाडी जोडा, पोरीला पालघरला न्या.” मी नि मूल दोघे वाचलो. त्यांची खरी विद्या मला त्या रात्री कळली. औषध कुठवर, हे त्यांना ठाऊक होते.

भगिनींनो, वेल कुंपणावर सुखाने फुलू द्या. मुलांना त्याचा कंद उकरू देऊ नका. तो रताळ्यासारखा भासतो. आणि घरची लेकसून अडली, तर सहाण शोधू नका, दवाखाना गाठा.