नांगराचें नांव

१८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत साबणाच्या वड्यांचीं खोकीं उतरलीं. साबणाचें नांव सनलाइट. आणि लीव्हर ब्रदर्स या पेढीनें तो इंग्लंडांत बनविला आहे अशीं अक्षरें त्यावर उमटविलेलीं होतीं. माल करणारा समुद्रापलीकडे, घेणारा अलीकडे. दोघांची गांठ जन्मांत पडावयाची नाहीं. मग विश्वास ठेवावयाचा कशावर? तर त्या चार अक्षरांवर. खोट्या छापांचा माल खपविणारे जगांत कोठेंहि असतातच. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८९ मध्यें, सरकारनें हिंदुस्थानांत त्यांच्याविरुद्ध कायदाहि केला.

आपल्या खेड्यांतील कुणब्याला या सर्व खटाटोपाची गरज नव्हती. नांगर मोडला तर सुतार गांवांतच होता. फाळ बोथटला तर लोहाराचा भाता हांकेच्या अंतरावर. दोघांचें बलुतें खळ्यावर ठरलेलें. काम वाईट झालें तर दुसऱ्या दिवशीं त्याच पारावर त्याच माणसांना तोंड दाखवावयाचें, हीच त्या मालाची हमी. तेथें छाप नव्हती, माणूस होता.

अशा व्यवस्थेंत कारखान्यांतून ओतून काढलेला लोखंडी नांगर घेऊन शिरावयाचें, हें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं मनावर घेतलें. यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगांवकडील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते चित्रकार होण्यासाठीं गेले. पण कांहीं रंग ओळखण्याची शक्ति डोळ्यांना नसल्यामुळें कुंचला खालीं ठेवून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतां बढतीच्या वेळीं त्यांना डावलण्यांत आलें, आणि ते नोकरी सोडून बेळगांवास परतले. तेथें वडील बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकलींचें दुकान होतेंच. या घराण्याच्या धंद्याचा आरंभहि १८८८ पासूनच मोजतात, हा एक मौजेचा योग. पुढें कडबा कापण्याचें यंत्र निघालें, आणि त्यामागून नांगर.

पण नांगर घेतो कोण? लोखंड लागलें तर जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. या समजुतीला आज हंसणें सोपें आहे. पण ज्याच्याजवळ दोन बैल आणि चार बिघे जमीन एवढेंच भांडवल, त्यानें त्या जमिनीवर प्रयोग करूं द्यावा कां? नवा नांगर घेणें म्हणजे गांवच्या सुताराशीं पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध तोडून, कधीं न पाहिलेल्या कारखान्याच्या हातीं आपला हंगाम सोंपविणें होतें. आषाढांत एखादा भाग तुटला, तर तो बदलून कोण देणार? शेतकऱ्याच्या शंकेचें खरें मूळ येथें होतें. विष हें तिचें बोलण्यांतलें रूप.

ही शंका भाषणांनीं फिटणारी नव्हती. चांगला नांगर प्रत्यक्ष ओढून दाखवावा लागतो. त्याची माती कशी उलटते, तण मुळासकट कसें निघतें, हें शेतकऱ्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहावें लागतें. आणि त्याहून महत्त्वाचा तो फाळ. नांगर एकदां घ्यावयाचा. फाळ मात्र झिजतो, बदलावा लागतो. गिऱ्हाईक कारखान्याकडे दुसऱ्यांदा येतें तें फाळासाठीं. त्या वेळीं तो मिळाला आणि आपल्या नांगरावर नीट बसला, तर त्या लोखंडावरील नांवाला कांहीं अर्थ येतो. न मिळाला, तर पहिली विक्री हीच शेवटची.

बेळगांवच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथें फारसें कांहीं नव्हतें. १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली. आतां गांवाचें, कारखान्याचें आणि नांगराचें नांव एकच झालें. पहिल्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई आली, तेव्हां कोल्हापूरच्या शाहूमहाराजांनीं जुन्या तोफा देऊं केल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. कोणत्याहि जाहिरातदाराला अशी गोष्ट रचतां आली नसती. आणि रचली असती, तर तिच्यावर कोणीं विश्वासहि ठेवला नसता.

१९२० सालीं किर्लोस्कर बंधूंची भागीदारांची मर्यादित कंपनी झाली. त्याच सालीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघालें. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. काकांना रंगांनीं दगा दिला होता; पुतण्या मात्र शिकलेला चित्रकार होता, आणि कारखान्याच्या जाहिरातीचें काम त्याच्याकडे होतें. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोंचवावी, हा 'खबरी'चा मूळ हेतु. पण वाचणार कोण? नांगर धरणारांपैकीं फारच थोड्यांना अक्षरओळख होती. तेव्हां मासिक वाचणारा तो उघडच गांवचा शिकलेला माणूस. आणि शिकलेल्या माणसाला दरमहा नांगराचीच स्तुति किती दिवस ऐकवावी?

शंकररावांनीं हें फार लौकर ओळखलें. मालाच्या वर्णनाशेजारीं धंदेशिक्षणाचे लेख आले, गोष्टी आल्या, चित्रें आलीं, व्यंगचित्रें आलीं. मासिक आपल्या पायांवर उभें राहिलें, आणि १९२९ पासून 'खबर' हा शब्दहि गळून तें नुसतें 'किर्लोस्कर' झालें. १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' हीं भावंडें निघालीं. पुण्यामुंबईच्या ज्या घरांत नांगराला कोणीं कधीं हात लावला नव्हता, तेथें किर्लोस्कर हें नांव दरमहा टपालानें येऊं लागलें. त्या घरांतील गृहिणी कारखान्याचें गिऱ्हाईक होती काय? बहुधा नव्हती, पण अंक चार दिवस उशिरां आला तर ती वाट पाहत असे. असें गिऱ्हाईक पैशानें विकत मिळत नाहीं.

मात्र वाचकाला आवडेल तेवढेंच छापावें, हें धोरण या मासिकानें ठेविलें नाहीं. १९३० नंतरच्या काळांत सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे आणि रूढींवर कोरडे ओढणारे निबंध त्यांत प्रसिद्ध झाले. धर्मनिष्ठ वाचक रागावले, वाद माजले. माल विकणाऱ्या पेढीच्या नांवाचें मासिक असल्या भानगडींत कशाला पडतें, असें हिशेबी व्यापाऱ्यानें विचारलें असतें, आणि त्याचा प्रश्न चुकीचाहि नव्हता. पण ज्या घराण्यानें लोखंडाच्या विषाची समजूत मोडून आपला धंदा उभा केला, त्याला दुसऱ्या समजुतींपुढें एकाएकीं मान तुकवतां येणें कठीण होतें.

या सर्व लौकिकाची परीक्षा १९४८ सालीं झाली, आणि ती कठोर होती. गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांच्या घरांवर आणि धंद्यांवर जाळपोळीची लाट उसळली. किर्लोस्करवाडीचा कारखानाहि तींतून सुटला नाहीं. ज्या मुलखांत हा नांगर सर्वांत अधिक परिचित होता, त्याच मुलखांत त्याच्या जन्मस्थानाला आग लागली. त्या दिवशीं नांगरावरचें नांव कोणीं वाचलें नाहीं. मालकाची जात तेवढी वाचली. त्या वेळीं लक्ष्मणरावांचें वय अठ्ठ्याहत्तर होतें. कारखान्याच्या भट्ट्या पुन्हां पेटल्या, माल पुन्हां बाहेर पडूं लागला. आणि लक्ष्मणराव त्यानंतर आठ वर्षें, १९५६ पर्यंत, जगले.